खंडेराव शेठची भांडी

जयराम पायातल्या चपला काढायच्या आधीच म्हणाला, "यशोदा, सुचलं!" आणि यशोदेनं नेहमीसारखं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

सातपूरच्या कारखान्यात जयराम टर्नर होता, आणि पर्मनंट होता. यशोदेच्या वडिलांनी जावई शोधताना उंची, रंग, नाक काही पाहिलं नव्हतं. पर्मनंट आहे का, एवढंच विचारलं होतं. यशोदा स्वतः अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. पण त्या जाड पुस्तकांतून तिला मनापासून पटलेली गोष्ट एकच : एक तारखेच्या पगाराइतकं सुंदर या जगात काही नाही. जयरामला मात्र नोकरी सोडून धंदा करायचा होता. त्याच्याच खात्यातला एक जण नोकरी सोडून रसवंती काढून बसला होता आणि हल्ली स्कूटरवरून फिरत होता. तेव्हापासून जयरामला दर पंधरवड्याला काही ना काही सुचायचं.

नाही म्हटलं की हा माणूस हट्टाला पेटतो, हे यशोदेनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाहून ठेवलं होतं. म्हणून ती नाही म्हणायचीच नाही. "छान आहे," म्हणायची, "पण राजीनामा द्यायच्या आधी आठ दिवस घरात करून बघू या का?"

आठ दिवसांत भल्याभल्या कल्पना तिच्या घरात आटोपल्या होत्या. पिंपळगाव बसवंतहून कांद्याची पोती आली, भाव वाढला की विकायची म्हणून. भाव जागचा हलला नाही. खाटेखाली कोंब फुटले आणि चार वर्षांची ठकी त्यांना रोज तांब्याने पाणी घालू लागली. मग येवल्याच्या ओळखीच्या विणकराकडून एक पैठणी विकायला आली. वसाहतीतल्या झाडून साऱ्या बायकांनी ती खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. एकीनं तर नेसून फोटोसुद्धा काढून घेतला. विकत कुणी घेतली नाही. यशोदेनं तेवढे दिवस ठकीच्या दहीभाताच्या हातांवरून नजर काढली नाही.

"आता काय सुचलं?" तिनं विचारलं.

"भांडी! भाड्यानं द्यायची. आपल्याकडे बारसं असो, हळद असो, मोठं पातेलं म्हटलं की लोक थेट नाशकात भद्रकालीच्या बाजारात पळतात. टेम्पोचं भाडं वेगळंच. इथं कुणी ठेवतच नाही!"

यशोदेला वाईट वाटलं, कारण कल्पना खरोखर बरी होती.

दुसऱ्याच दिवशी दारात टेम्पो उभा राहिला. पिंपळगावच्या एका भंगारवाल्याकडून जयरामनं अख्खा संसार उचलून आणला होता : हंड्याएवढी पातेली, पराती, पिंपं, झारे, पंगतीची ताटं. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं, "खंडेराव, पिंपळगाव बसवंत." हा खंडेराव कोण, आहे की गेला, भंगारवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

"उद्याच हे घासून माझं नाव घालून घेतो," जयराम म्हणाला.

"आठ दिवस जाऊ द्या," यशोदा म्हणाली. "नाही चाललं तर घालणावळ फुकट." आणि ठकी पिंपात उतरली नि वरून झाकण पडलं तर, या विचारानं तिनं आधी सगळी झाकणं माळ्यावर टाकली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या कलाबाई. जयराम त्यांना लहानपणापासून मावशी म्हणायचा. नातवाच्या बारशाला त्यांनी मोठं पातेलं नेलं, दुसऱ्या दिवशी लखलखीत घासून परत आणलं, आणि पातेल्यात होता शिरा.

"अगं, रिकामं भांडं कसं परत करू?" कलाबाई म्हणाल्या. "खा गोड करून." आणि गेल्या.

भाड्याचा भ यशोदेच्या ओठावर आला तो शिऱ्याबरोबर आत गेला. मग परातीतून जिलब्या आल्या, पिंपाच्या तळाशी चिवडा आला, आणि कुणी आणखी लहान पातेलं नेलं त्यातून बुंदी आली. भांडं भरून परत केलं की फिटंफाट झाली, असं अख्ख्या वसाहतीनं न बोलता ठरवून टाकलं होतं. भाडं मागायचं कसं? ज्यांच्या घरी मीठ-साखर मागायला जायचं, त्यांच्याकडेच?

सासूबाई, चिमणाबाई, कोपऱ्यात बसून बुंदी खात म्हणाल्या, "धंदा लय ग्वाड हाय, सूनबाई. पर माझे हायेत तेवढे दात ऱ्हातील का?"

यशोदा मनातून खूश होती. आठ दिवस संपले की भांडी भंगारात आणि नवरा कामावर कायम. पण आठव्या दिवशी जयराम जेवता जेवता म्हणाला, "माझं चुकतंय कुठं, कळलं. लोकांना वाटतं, हा हौस म्हणून करतोय. नोकरी सोडून रीतसर गाळा घेतला, पाटी लावली, 'जयराम भांडी भांडार', की कोण शिरा देतो बघू! उद्याच साहेबांना सांगतो."

यशोदेचा घास हातातच राहिला. आजवर कल्पना बुडाली की नोकरी वाचायची. ही कल्पना बुडता बुडता नोकरी घेऊन चालली होती.

तेवढ्यात मागच्या ओळीतला पुंजाराम दारात आला. मुलीचं लग्न काढलं होतं, सगळीच भांडी हवी होती. यशोदा उठली. "भाऊ, भाडं पडेल," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

पुंजारामचा चेहरा उतरला. "वहिनी? आपल्या आपल्यात भाडं?"

जयराम ताटाकडे बघायला लागला. यशोदेनंही मान खाली घातली, तर पायाशी परात, आणि परातीवर नाव.

"आमची असती तर घेतलं असतं का मी?" ती म्हणाली. "खंडेराव शेठची आहेत, पिंपळगावच्या. आमच्याकडे नुसती ठेवलीत. माणूस फार कडक आहे हो."

पुंजारामनं वाकून नाव वाचलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "मग तसं सांगायचं ना! परक्याचं कशाला ठेवायचं?" त्यानं तिथल्या तिथं पैसे मोजले.

"आमचं पातेलं!" ठकी ओरडली.

यशोदेनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. पण ठकीनं कालच पुंजारामच्या सायकलला आणि त्याच्या म्हशीला "आमची" म्हटलं होतं. "हो गं बाई, तुझंच," म्हणत त्यानं पहिलं पातेलं उचललं.

त्या दिवसापासून धंदा धावू लागला. खंडेराव शेठ हिशेबाला चोख आहेत, शेठना पोचा आलेला चालत नाही, ही बातमी दोन ओळी पलीकडे गेली. कलाबाई तर बारशाच्या पातेल्याचं भाडं आपणहून घेऊन आल्या. "माझ्यापायी तुला बोलणी बसली असतील गं," म्हणाल्या. शिऱ्याचं मात्र त्यांनी कापून घेतलं.

जयरामची छाती फुगली. "चालला की नाही? आता तर राजीनामा द्यायलाच हवा!"

म्हणजे बुडाला तरी राजीनामा, चालला तरी राजीनामा. यशोदेनं एक दिवस विचार केला आणि दुपारी, जयराम दुसऱ्या पाळीला निघायच्या बेतात असताना, नव्यानं नेलेल्या परातींचं भाडं द्यायला आलेल्या कलाबाईंना चहाला बसवलं.

"घे बाई पैसे," कलाबाई म्हणाल्या. "पण तुमच्या त्या शेठला सांग, एवढा चिकटपणा बरा नव्हे. वर जाताना पराती घेऊन जाणार आहे का मेला?"

सायकल पुसता पुसता जयरामचे कान लाल झाले.

"मावशी," यशोदा चहा पुढे करत म्हणाली, "समजा, भांडी आमचीच असती, आणि ह्यांनी नोकरी सोडून दुकान टाकलं असतं. तर?"

कलाबाई खो खो हसल्या. "तर काय? सकाळी भांडी नेली असती, संध्याकाळी शिरा दिला असता! अगं, ह्याला टायफॉइड झाला तेव्हा पेज मी भरवलीय. हा मला भाडं मागेल? काय रे जयराम?"

जयरामनं यशोदेकडे पाहिलं. ती बशीत चहा ओतत होती, फार लक्ष देऊन.

"नाही मागणार, मावशी," तो म्हणाला. पाटी, गाळा, भांडार सगळं त्या एका वाक्यात खाली बसलं. त्यानं डबा सायकलला अडकवला.

पण मेला म्हटलेलं त्याला सोसवेना. दारातून तो परत वळला. "शेठ चिकट नाहीत हो, मावशी. त्यांची बायको गेली. या पातेल्यांत तिच्या हातचं गावजेवण व्हायचं. लेकरू नाही, बाळ नाही. भांडी तेवढी जपतात."

कलाबाईंचा पदर डोळ्यांना गेला. यशोदेनं नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, पण तो सायकलवर टांग टाकून निघालासुद्धा. वेळेवर, कारखान्याला. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं स्वतःसाठीही अर्धा कप ओतला.

"यशोदा," कलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "वय काय असेल गं शेठचं?"

"का हो?"

"माझी मावसबहीण आहे, सुरगाण्याची, तानुबाई. बिचारी लवकर विधवा झाली, नवऱ्याचं काहीच सुख पाहिलं नाही. स्वयंपाकाला हात असा की बघत राहशील. येत्या रविवारी आपण पिंपळगावला जाऊन येऊ. तू ओळख करून दे, पुढचं मी बघते."

"रविवारी... ठकीला जरा कणकण आहे," यशोदा कशीबशी म्हणाली. ठकी त्या वेळी परातीत उभी राहून नाचत होती.

"मग त्याच्या पुढच्या रविवारी," म्हणून कलाबाई उठल्या.

त्या गेल्या तशी यशोदेनं कप विसळायला घेतले. नोकरीचा घोर जाऊन जेमतेम अर्धा कप चहा झाला होता आणि त्या जागेवर खंडेराव शेठचं लग्न येऊन बसलं होतं. नाही म्हणावं तर कसं, आठ दिवस घरात करून बघू या म्हणावं तर तेही कसं?

कोपऱ्यातून चिमणाबाई म्हणाल्या, "करून टाकू की लगीन. भांडी घरचीच हायेत."