रंगविलेल्या कोळप्याची साक्ष

मित्रांनो, मी बारा वर्षांचे जुने हातकोळपे आहे; तरी न्यायालयाच्या कागदांत माझा उल्लेख ‘नव्याने बनविलेली वस्तू’ असा झाला आहे. हा अपमान निमूटपणे गिळणे मला शक्य नाही.

मला एक चाक आहे. पिकाच्या दोन ओळींमधून मला ढकलीत नेले, की माझे पाते तण मुळासकट काढते. एका लोहाराच्या भात्यासमोर माझा जन्म झाला. माळ्यावरून पडल्यापासून त्याच्या धाकट्या बहिणीचा डावा खांदा वर उचलला जात नसे. म्हणून त्याने माझी डावी मूठ उजवीपेक्षा चार बोटे खाली वळविली. बहिणीच्या हाताला मानवेपर्यंत सात वेळा त्याने मला तापविले. पुढे धडधाकट माणसांनाही हे वळण आवडले. कारण त्यामुळे ओळीच्या कडेने चालता येते आणि पीक पायाखाली येत नाही. माझ्यासारखी कितीतरी भावंडे त्याने घडविली. नोंदणी मात्र केली नाही.

ती एका मोठ्या कारखान्याने केली. माझे एक भावंड विकत नेऊन, त्याचा आकार आपल्या नावे नोंदवून, त्यांनी लोहारावरच नकलेचा दावा लावला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

लोहाराच्या वकीलबाईंनी बजावले, “काका, सगळ्यांत पहिलं कोळपं आणा. गंज, झिजलेलं पातं, आहे तसं. तोच आपला पुरावा.”

परंतु मळलेले अवजार दुकानाबाहेर जाऊ द्यायचे नाही, हे त्या भल्या माणसाचे आजन्म व्रत. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याने माझा गंज खरवडला, नवे पाते बसविले आणि हिरव्या रंगाचे दोन हात दिले.

बहीण म्हणाली, “दादा, त्या ‘आहे तसं’ म्हणाल्या होत्या ना?”

“म्हणून काय पारोशानं न्यायाधीशांपुढे उभं करायचं?”

न्यायालयात कारखान्याच्या वकिलाने मला स्पर्श केला आणि हिरवे बोट वर धरले. “बारा वर्षांचं म्हणतात, साहेब. रंग अजून वाळायचाय.” सारे हसले. लोहाराची मान खाली गेली.

डावी मूठ खाली का, असे वकीलबाईंनी विचारताच कारखान्याचा अधिकारी शांतपणे म्हणाला, “शोभेसाठी.”

मित्रांनो, त्या क्षणी माझे लोखंड पुन्हा भट्टीत पडल्यासारखे तापले.

बहीण उठली. “शोभा कसली, साहेब? माझा खांदा आहे तो.”

न्यायाधीशांनी तिच्या खांद्याकडे पाहिले. मग म्हणाले, “बाई, तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण तारखेचा पुरावा हवा.” तो मिळेपर्यंत लोहाराने असे कोळपे घडवू नये, असा हुकूम झाला.

बाहेर बहिणीने कारकुनाला विचारले, “चालवायला तरी मनाई नाही ना?”

“चालवा की.”

कारखान्याची मंडळी दारात उभी होती. “सरका जरा,” म्हणत तिने मला त्यांच्यामधून नेले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. पण त्यांच्या अंगावरील काळाच्या खुणा पुसू नका. तुमच्या हातून काही नवे घडले, तर त्याच दिवशी त्याची नोंद करा. आणि दुसऱ्याच्या वेदनेतून निघालेले वळण स्वतःची शोभा म्हणून कधीही मिरवू नका. मी रोज शेतात जाते. ज्याने मला घडविले, तो मात्र विझलेल्या भट्टीपाशी हात मांडीवर ठेवून बसलेला असतो.