मिशीआडचा र्झ

आमच्या ओलोमोउत्सच्या गायकवृंदाचं नाव आहे ते शब्दांसाठी. युद्धानंतर एका पडीक कोठारात तो सुरू झाला, तेव्हापासून नियम एकच: शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही अक्षर न् अक्षर कळलं पाहिजे. आणि आमच्या चेक भाषेतलं सगळ्यात हट्टी अक्षर म्हणजे र्झ. र आणि झ एका दमात. ते ज्याला जमत नाही, त्याला आमच्याकडे दार बंद.

लिब्येनाला ते जमत नव्हतं. पण आमच्या शहाण्यांनी तिची परीक्षा घेतली लॅटिन स्तोत्रावर, आणि लॅटिनमध्ये र्झ नाहीच! आवाज असा, की सगळे गार. वर्षभर पारखू, मग कायम करायचं का ते ठरवू, या बोलीवर तिला घेतलं. र्झ आला की ती नुसते ओठ हलवायची.

वर्ष संपता संपता आमचे संचालक हाव्रानेकसाहेब यांनी तिला मैफलीत एकटीला गायला दिलं. तेही नदीचं गाणं. नदीला आम्ही म्हणतो र्झेका.

मी तिच्या मागच्या रांगेतला खर्जवाला. पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"अहो शेजारी, मला काढणार हो हे लोक."

नावानं तिनं मला कधी हाक मारली नव्हती. मला वाटायचं, शिष्ट आहे.

"रडतेस काय? तू नुसतं 'एका' म्हण. र्झ मी घालतो."

"कळेल ना सगळ्यांना!"

"या मिशीआड मी तालमीत पेपरमिंट चघळतो. साहेबांना अजून पत्ता नाही."

मैफल भरली. मी हळूच 'र्झ' म्हटलं, तिनं 'एका'. सांधा कुठे दिसला नाही. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या वेळी मात्र मी मूर्ख तिचं गाणं ऐकण्यात असा रमलो, की र्झ विसरलोच.

तरी र्झ आला. डावीकडून आला, उजवीकडून आला, आणि समोरून खुद्द साहेबांच्या तोंडूनही आला. लबाड सगळे! सगळ्यांना केव्हाचं ठाऊक होतं.

पडदा पडल्यावर साहेब म्हणाले, "लिब्येना, तू आता कायमची आमची. आणि ए मिशीवाल्या, पेपरमिंट कमी कर, र्झकडे लक्ष दे!"

आम्ही सगळे हसत सुटलो. लिब्येनानं मला मिठी मारली.

"थँक्यू, रेहोर!"

माझं नाव र्झेहोर्झ. एकात दोन-दोन! म्हणून बिचारीनं वर्षभर हाक मारली नव्हती. तिचे दोन्ही र्झ चुकले, आणि माझं नाव इतकं गोड आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.