पडद्यावरचं मरण

माझे यजमान चेरुकूरि पुरुषोत्तमराव पडद्यावर राक्षसाचा वध करायचे, तेव्हा थिएटरात बायका उठून कापूर लावायच्या. हे राम झाले, भीम झाले, अख्ख्या गावाला धाकात ठेवणाऱ्या जमीनदाराला एकट्याने लोळवणारे फौजदारही झाले. मूळचे तेनालीजवळच्या खेड्यातले. पौराणिक नाटकांत पद्यं म्हणत वाढले, आणि तोच आवाज पुढे मद्रासला सिनेमात घेऊन आले. तिरुपतीहून परतणाऱ्या यात्रेच्या बसगाड्या आमच्या फाटकाशी थांबायच्या. व्यंकटेश्वराचं दर्शन झालं की लगेच यांचं.

पण यांच्या मनात एक सल होता. आपण कधी माणूस झालोच नाही, असं म्हणायचे. शेषाचलम नावाचा दिग्दर्शक मंगळगिरीच्या एका विणकराची गोष्ट घेऊन आला, तेव्हा यांनी दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही. क्षयाने खंगलेला विणकर मुलीच्या लग्नाची साडी विणतो आणि मागावरच मान टाकतो, एवढीच गोष्ट. हे महिनाभर एका विणकराच्या घरी मागावर बसायला शिकले. खंगलेलं दिसावं म्हणून जेवण कमी केलं. मी ताटात भात वाढायला गेले तर हात आडवा धरायचे. इतक्या आनंदात मी यांना आधी पाहिलं नव्हतं.

सिनेमा लागला आणि पहिल्याच दिवशी विजयवाड्याहून फोन आला. लोक शेवट झाल्यावर उठेनात, मग खुर्च्या मोडायला लागले. शेषाचलम आमच्या ओसरीवर डोकं धरून बसला. शेवट बदला, असं वितरक म्हणत होते. हे म्हणाले, आपण तेनालीला जाऊ. तिथली माणसं माझी आहेत, मी समोर बसून पाहिलं की तीही पाहतील. माझं माहेर तेनालीचं, म्हणून मीही निघाले.

दुपारच्या खेळाला थिएटरचे मालक सांबय्यांनी यांना, शेषाचलमला आणि मला मागच्या जिन्याने सिनेमाच्या यंत्राच्या खोलीत नेलं. हे खाली बसले तर लोक पडदा सोडून यांनाच पाहतील, म्हणून सिनेमा संपल्यावर यांनी खाली उतरून नमस्कार करायचा, असं ठरलं होतं. भिंतीतल्या चौकोनी भोकातून मी खाली पाहत होते. सगळं थिएटर भरलं होतं. विणकर खोकायला लागला तशी शिट्ट्या वाजायच्या थांबल्या. त्याने मागावर डोकं टेकलं. एवढ्या माणसांत श्वासाचाही आवाज येईना. हे माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “बघ अनसूया, पाहताहेत.”

तेवढ्यात एका बाईने हंबरडा फोडला. घरात माणूस गेल्यावर फोडतात तसा. मग दुसरीने. पुढच्या रांगेतला कुणीतरी ओरडला की शेषाचलमने आमच्या बाबूला, म्हणजे यांना, मारलं. कुणी म्हणालं, हे खरंच गेलेत, मद्रासवाले लपवताहेत. ते बोलणं दाराबाहेर गेलं आणि तिथून दुप्पट होऊन आत आलं. लाकूड मोडल्याचा आवाज झाला. पडद्याच्या कोपऱ्यातून धूर निघायला लागला.

सांबय्यांनी खोलीला आतून कडी घातली. यंत्र चालवणारा माणूस देवाचं नाव घेत रिळं उचलून भिंतीकडे सरकला. जिन्यावर पावलं वाजली आणि दारावर थाप पडली. शेषाचलम आत आहे, हे त्यांना कळलं होतं. बाहेरून एकजण अगदी शांतपणे, आदराचं ‘गारू’ लावून म्हणाला, “सांबय्यागारू, त्याला तेवढा बाहेर द्या. तुम्हाला आम्ही काही करणार नाही.” शेषाचलमचा चष्मा खाली पडला होता, आणि तो उचलायचंही त्याला सुचत नव्हतं.

हे उठले. मी यांचा दंड धरला. राक्षसांसमोर ज्या दंडाकडे लोक बघत राहायचे, तोच.

“अहो, जाऊ नका. ते शुद्धीवर नाहीत.”

“मी गेलो नाही तर याला फाडतील,” हे म्हणाले. “कडी काढा.”

दार उघडलं. मग ती गर्दी यांच्या अंगावर आली. रागाने नव्हे, मायेने. ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते. कुणी पाय धरले, कुणी गालावरून हात फिरवला, मागच्यांना दिसेना म्हणून ते पुढच्यांना रेटत राहिले. सदरा फाटला आणि त्याच्या चिंध्या वाटल्या गेल्या. कुणीतरी केस उपटून घेतले. यांना श्वास घेता येत नव्हता. हात तेवढा वर दिसत होता, बुडणाऱ्याचा दिसतो तसा. मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

एका म्हाताऱ्याने यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो रडत होता.

“बाबू, पुन्हा असं मरायचं नाही. आईची शपथ घे.”

यांनी घेतली. दोनदा घ्यावी लागली, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

पोलिसांनी पडद्याची आग विझवून आम्हाला बाहेर काढलं, तेव्हा यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. शेषाचलम सुखरूप होता. आठवडाभरात शेवटचं रीळ बदललं. छातीला पट्टा बांधून हे पुन्हा मागावर बसले, गोष्टीत गुंटूरहून डॉक्टर आला, विणकर बरा झाला, मुलीचं लग्न झालं. सिनेमा सगळीकडे तुफान चालला. शेषाचलमने पुन्हा सिनेमा केला नाही. आपल्या गावी एलूरला जाऊन त्याने शाळेत शिकवायला घेतलं.

त्यानंतर हे कधीही पडद्यावर मेले नाहीत. केस पिकले तरी कॉलेजातल्या पोराचं काम करायचे. समीक्षक हसायचे, यांना ठाऊक होतं. पण रात्री गल्लीत कुणी शिट्टी वाजवली की उठून दाराची कडी पाहून यायचे.

एका सकाळी यांच्या छातीत कळा येत होत्या. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका, असं बजावलं होतं. बाहेर बसगाड्या येऊन लागल्या होत्या आणि यांच्या नावाचा घोष चालला होता. मी म्हटलं, आज राहू द्या, ताप आलाय म्हणून सांगते.

हे उशीवरून फाटकाच्या दिशेने कान देऊन ऐकत राहिले.

“ताप आलाय म्हणून कळलं तर जातील, असं वाटतं तुला?” हे म्हणाले. “बघायला आत येतील.”

मग मला हात द्यायला सांगून उठले, स्वच्छ सदरा मागितला, आणि गच्चीवर जाऊन हसत उभे राहिले.