खुर्चीला साजेशी खोली

सौंदर्य हे औषध आहे. सुंदर खोलीत माणसाच्या जखमा लवकर भरतात, रक्तदाब उतरतो आणि जगण्याची उमेद परत येते, असे वर्ना हॅगार्टी तीस वर्षे सारासोटा शहरातल्या पैसेवाल्या विधवांना सांगत आली होती. एवढे बोलून झाले की ती पिशवीतून उशांच्या अभ्र्यांचे नमुने काढत असे.

वर्ना डेकोरेटर होती, डिझायनर नव्हती. फ्लोरिडात त्या काळी हा फरक सरकारदरबारी मान्य होता. पडदे, गालिचे, दिवे कोणीही कोणालाही निवडून द्यावेत. पण स्वतःला इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायचे तर परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागे. तो परवाना वर्नाच्या नणंदेकडे, कॉन्स्टन्सकडे होता. ती इस्पितळे आणि शुश्रूषागृहे आखून देई. दर थँक्सगिव्हिंगला जेवायला आलेले कोणीतरी वर्नाला भोळेपणाने डिझायनर म्हणायचे, आणि कॉन्स्टन्स टर्की कापता कापता सुधारायची, “डेकोरेटर. वर्ना घर सजवते. आखत नाही.”

“आणि कॉन्स्टन्स इस्पितळांच्या बोळांना बिस्किटाचा रंग देते,” वर्ना म्हणायची. “त्याला परीक्षा लागते म्हणे.”

वर्नाचा नवरा ॲल्विन अशा वेळी रस्सा वाढून घ्यायचा. बायको आणि बहीण यांच्या मधल्या खुर्चीवर बसून त्याने आयुष्यात वजन तेवढे कमावले.

जानेवारीत त्याला पक्षाघात झाला. डावी बाजू लुळी पडली. इस्पितळातून त्याला शुश्रूषागृहात हलवले आणि तिथल्या मुख्य बाईंनी वर्नाला सरळ सांगितले की घर त्याच्या जोगते झाले तर खुशाल घेऊन जा; नाहीतर इथे एक कायमची खोली रिकामी होते आहे, पण ती फार दिवस अडवून ठेवता येणार नाही.

वर्नाला तो घरी हवा होता. शेजारी ॲल्विनचे घोरणे थांबल्यापासून तिला झोप लागत नव्हती, आणि हे सांगण्यासारखे तिला कोणी नव्हते. असलीच तर कॉन्स्टन्स.

कॉन्स्टन्सचा फोन आला. “शनिवारी मापाची टेप घेऊन येते. दहा मिनिटांचं काम आहे.”

“टेप माझ्याकडे आहे.”

“तुझी कापडाची आहे.”

“इंच तेवढेच असतात गं त्यातही. सगळं झालं की ये. आधी कोणाला दाखवायचं नसतं.”

हा वर्नाच्या धंद्यातला रिवाज होता. काम चालू असताना घरमालकालाही उंबरा ओलांडू द्यायचा नाही. शेवटच्या दिवशी डोळे मिटायला लावून आत आणायचे आणि ‘आता उघडा’ म्हणायचे. बायका रडायच्या. नाही रडल्या तर वर्नाला घरी जाऊन जेवण जात नसे.

ती काही मूर्ख नव्हती. तिने गालिचे गुंडाळले, काचेचे टेबल देऊन टाकले, कालव्याकडच्या खोलीत ॲल्विनचा पलंग लावला. भिंतींना शिंपल्याच्या आतला गुलाबी दिला. शुश्रूषागृहात फोन करून चाकाच्या खुर्चीचा रंग विचारला. गडद निळा, असे कळले. मग तिने पलंगपोसाला आणि पडद्यांना त्याच निळ्याची किनार लावून घेतली, म्हणजे खुर्ची खोलीत परकी दिसायला नको. रुंदी विचारायचे तिच्या डोक्यात आले नाही.

रविवारी ॲल्विनला आणले. शुश्रूषागृहाचा गाडीवाला खुर्ची ढकलत होता, मागून कॉन्स्टन्स.

“डोळे मीट,” वर्ना म्हणाली. त्याने मिटले. “आता उघड.”

ॲल्विनने खोली पाहिली. कालवा, गुलाबी भिंती, निळी किनार. चालत्या अर्ध्या तोंडाने तो हसला.

“छान झालंय गं,” तो म्हणाला. “मला बाथरूमला जायचंय.”

खुर्ची बाथरूमच्या दारात अडकली. गाडीवाल्याने ती मागे घेऊन सरळ केली, तिरकी करून पाहिली. वर्नाने दार बिजागऱ्यांतून काढायला लावले. तरी दोन बोटे कमीच. शेवटी त्याला उचलून न्यायचे ठरले, तोवर उशीर झाला होता. नव्या पलंगपोसावर बसवून त्याचे कपडे बदलावे लागले. ॲल्विन खिडकीबाहेर बघत राहिला.

कॉन्स्टन्स काहीच बोलली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि वर्नाला ते फार लागले. “बोल ना आता,” ती म्हणाली.

कॉन्स्टन्सने दाराशेजारच्या भिंतीवर बोटाने टकटक केले. “आत पोकळ आहे. माझा सुतार पाठवते.”

“ऐकलंस का, ॲल्विन? दार मोठं होणार.”

“मला परत जायचंय,” ॲल्विन म्हणाला.

“आत्ता ठीक. पण दार झालं की—”

“तिथं भिंतीला दांडा आहे. तो धरून मी एकटा जातो. तू बाहेर उभी नसतेस.”

“दांडा इथंही लावू.”

“लावशील. पण मग इथं काही सांडलं की तू पुसशील आणि काही म्हणणार नाहीस.” एवढे बोलून त्याला धाप लागली. “तिथं पुसणाऱ्यांना पगार आहे.”

“तुला खोली नाही आवडली.”

“आवडली. भेटायला येईन की.”

वर्नाने निळ्या किनारीचे पडदे उतरवले आणि गाडीच्या मागोमाग शुश्रूषागृहात नेऊन दिले. कापड पेट घेणारे आहे म्हणून त्यांनी ते परत केले.

सोमवारी ॲल्विनने कायमच्या खोलीच्या कागदांवर उजव्या हाताने सही केली. मंगळवारी सुतार आला आणि जेवायच्या सुट्टीआधी दार रुंद करून गेला.