साराला विचारलं होतं का?

हिंगणघाटात ज्यूंचं घर एकच, रहमीम मास्तरांचं. गाव त्यांना कधी पारशी म्हणे, कधी मुसलमान. आपण बेने इस्राएल, हे सांगून सांगून मास्तर थकले. पण शिकवल्यावाचून या माणसाला चैन कुठलं? दर शनिवारी, म्हणजे शब्बाथला, तोरा या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग, पराशा, ते मोठ्यानं वाचत आणि वर्गात खाकरावं तसं खाकरून विचारत, "यातून बोध काय?" उत्तरही तेच देत. ऐकायला बायको मिलका आणि एकुलता एक दानियल.

दिवाळीच्या आगेमागे अब्राहामाचा पराशा यायचा. देवानं मागितला म्हणून मुलाला बळी द्यायला अब्राहाम पहाटेच उठून निघाला; ऐन वेळी देवानंच त्याचा हात थांबवला. मास्तरांचा बोध ठरलेला: देवाच्या कामाला दिरंगाई नको. मिलकाचा प्रश्नही ठरलेला.

"साराला विचारलं होतं का त्यानं? पोराच्या आईला?"

"तिथं तसं लिहिलेलं नाही," म्हणून मास्तर पुस्तक मिटत.

त्रेपन्न साली दानियलला इस्राएलला जायची मंजुरी आली. मी जिवंत असेतो पोर समुद्रापार जाणार नाही, असं मिलकानं आधीच निक्षून सांगितलं होतं. मास्तरांनी कागद वहीत दडवला. बायकोसमोर तोंड उघडायची छाती नव्हती, एवढंच खरं. त्यावर त्यांनी धर्माचं पांघरूण घातलं. अब्राहामाचा पराशा वाचून झाला आणि त्यानंतरच्या मंगळवारी पहाटे त्यांनी पोराला हलवून उठवलं.

"आईला सांगितलंय मी. तुला जाताना बघवणार नाही म्हणून ती उठत नाही. हाक मारू नकोस."

पोरगं तिच्या अंथरुणापाशी जरा वेळ उभं राहिलं आणि निघालं.

वर्ध्याला त्याला मुंबईच्या गाडीत बसवून मास्तर दुपारी परतले. मिलकानं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "हाकसुद्धा मारली नाही त्यानं?" त्यानंतर ती बोलेना.

शुक्रवारी शेजारच्या भागीरथाबाईंनी मास्तरांना अंगणातच गाठलं. "मास्तर, तीन दिस झाले, बाईनं चूल नाई पेटवली. काऊन बोलून नाई राह्यली थे? काय केलं तुमी?"

मास्तर तसेच घरात शिरले. उद्या शब्बाथ, उद्या ती ऐकायला बसेल आणि निवळेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

ती बसलीही. नव्या पराशाची सुरुवातच साराच्या मरणानं होती. सारा हेब्रोनात मेली आणि अब्राहाम तिच्यासाठी रडायला आला, इथवर मास्तर आले, तोच मिलकानं पानावर हात ठेवला.

"आला? कुठून आला?"

"म्हणजे?"

"गेल्या शनिवारी तुम्हीच वाचलंत. पोराला नेऊन आणल्यावर तो बैरशेब्यात राहिला. ही मेली हेब्रोनात. एका घरात राहणारा नवरा बायकोच्या मढ्यापाशी येईल कुठून?"

मास्तरांनी मागचं पान उलटलं. बैरशेबाच होतं. तीस वर्षं ती ओळ ते घडाघडा वाचत आले होते, आणि एकदाही अडखळले नव्हते. आपल्या साऱ्या बोधांची त्यांना शिसारी आली.

"आज बोध मी सांगते," मिलका म्हणाली. "ती पुन्हा त्याच्या घरात राहिली नाही."

तेव्हा कुठे मास्तरांना कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक दिसली. शुक्रवारीच भरून ठेवलेली. शब्बाथला मिलका ना बांधाबांध करायची, ना प्रवास. संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, आणि भागीरथाबाईंच्या नवऱ्यानं, रूपरावांनी, बैल जुंपून दमणी दाराशी आणली. मिलका रेवदंड्याला भावाकडे निघाली होती.

"बसा बाई," रूपराव हळूच म्हणाले, "गाडीले वेळ हाय अजून."

मास्तर दमणीचा दांडा धरून उभे राहिले.

"मिलका, परत कधी येशील?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"तिथं तसं लिहिलेलं नाही," ती म्हणाली.