तालमीतली शेपटी

"हॅलो, हॅलो! पैलवानांनी चपला बाहेर काढाव्यात! देवाला धक्का देऊ नये!" तालमीतला माईक ओरडत होता.

देव अकरा वर्षांचा. नाव मल्लेश. गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावच्या तालमीत त्याला उघड्या अंगानं पाटावर बसवलेला. कमरेवर, बरोबर मणक्यावर, जन्मापासूनचा काळाभोर केसांचा झुबका. तालमीत मुक्काम ठोकलेले वज्रबाबा म्हणाले, मारुतीची शेपटी. झालं! पैलवान लंगोट घेऊन रांगेत. शेपटीला टेकवलेला लंगोट नेसला की पाठ मातीला लागत न्हाय म्हणे.

"आता पुरावा बघा!" बाबांनी मल्लेशच्या डाव्या पायाच्या तळव्यात दाभण टोचलं. पोरगं शेंगा खात राहिलं.

"बजरंगबली की..."

"जय!"

मागच्या शनिवारी पाट ओला झाला, तेव्हा बाबा म्हणाले होते, तीर्थ. मल्लेश दिवसभर मान खाली घालून होता.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर प्रियदर्शनी रांगेतून पुढं आल्या.

"लंगोट कुठाय, बाई?"

रांग खिदळली.

"बाबा, उजव्या पायाला टोचा की."

"उजवा माणसाचा. डावाच देवाचा."

"मग माणसाच्या पायाला मी टोचते." पिशवीतली नवी सुई. नुसतं टोक.

"अव्वाऽऽ!" शेंगा सांडल्या.

"आयला, अर्धाच देव हाय की!" कृष्णात पैलवान ओरडला.

आता रांग पोट धरून हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या आईला, शांतव्वाला विचारलं, "डाव्या पायातनं चप्पल निसटते?"

"व्हय. त्याला कळतबी न्हाय."

"आणि लघवी?"

शांतव्वानं पदर तोंडाला लावला.

"पाठीच्या कण्यात नसांची दोरी असते. ह्याची जन्मतःच खाली अडकलेली दिसते. पोर वाढतंय, दोरी ताणतेय. म्हणून पाय बधिर, म्हणून चड्डी ओली. केस ही नुसती वरची खूण. कोल्हापुरात तपासू. दोरी ऑपरेशन करून सोडवावी लागेल, तीही लवकर."

"शेपूट कापली तर गाव पेटंल!" बाबा.

"शेपटीला कोण हात लावतंय? अडकलंय ते आत."

"पाय पयल्यासारखा हुईल?" शांतव्वा.

"सांगता येत नाही. राहिलंय ते तरी वाचवू."

"मी नक्की बरा करतो!" बाबा.

शांतव्वानं मल्लेशला पाटावरून खाली घेतलं. "माझं पोर हाय ते. देव तुमी व्हा. बसा की पाटावर!"

"हॅलो, हॅलो... देव दवाखान्यात..." कुणीतरी माईक बंद केला.

ऑपरेशन झालं. चड्डी आता कोरडी असते. पाय अजून थोडा ओढतो, आणि बाईंनी हे आधीच सांगितलं होतं.

बाळाच्या मणक्यावर असा झुबका दिसला तर नारळ फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि 'नक्की' म्हणणारा भेटला, तर तिथंच विचारा: कशावरून?