बोलणारं जकातघर

नदीकाठच्या जुन्या जकातघरासमोर सकाळपासून रांग लागली होती. पूर्वी होड्यांमधल्या मालावर इथे कर घेत. नंतर कित्येक वर्षं तिथे वटवाघळांशिवाय कोणी फिरकलं नाही. आता मात्र तिथली भिंत बोलू लागली होती, तीही मेलेल्या माणसांच्या आवाजात!

"आत्मा हलका, दगड जड!" भिंतीला बोलतं करणारे महाराज दारात उभे राहून ओरडत होते. "हलकं ते जडाला चिकटतं! कोपऱ्यात कान लावा, हाक मारा. आणि गेलेल्याच्या अंगावरचा दागिना इथे ठेवा, म्हणजे आत्म्याला परतीची वाट सापडते."

आत्म्यांचं माहीत नाही, दागिन्यांना परतीची वाट सापडत नव्हती एवढं खरं.

सुतारकाका तिसऱ्यांदा आले होते. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. दिवसभर रंधा चालायचा तोवर ठीक. तो थांबला की घर खायला उठायचं. मागच्या खेपेला भिंतीतून कुजबुज आली होती, "मी इथेच आहे हो. जेवता ना वेळेवर?" त्या रात्री काकांना झोप लागली. आज खिशात तिची सोन्याची साखळी होती.

शहरात शाळेत शिकवणारी मुलगी सोबत आली होती.

"बाबा, अजून काय म्हणाली आई?"

"म्हणाली, माझा तुमच्यावर कधीच राग नव्हता."

"आई? भुसा घरात आला म्हणून तुम्हाला ओट्यावर जेवायला बसवणारी आई?"

"मेल्यावर माणूस निवळतं गं."

"आई कधी रागावायची नाही, असं तुम्ही आधी कुणाला बोलला होतात?"

काकांनी वळून पाहिलं. महाराजांची बहीण रांगेत पाणी देत, पाठीवरून हात फिरवत विचारत होती, "कसा होता हो स्वभाव?" परक्यासमोर गेलेल्या माणसाला कोण नावं ठेवणार? म्हणून तर गावातले सगळे मेलेले एकदम गोड झाले होते. शिंपिणीची खाष्ट सासूसुद्धा सुनेची माफी मागून गेली होती.

थोड्या वेळाने ती बहीण मागच्या दाराने आत शिरली. मुलगीही काकांना घेऊन तिच्या मागोमाग गेली. 'आत्म्यांची विश्रांती' म्हणून लावलेला पडदा तिने बाजूला सारला. समोरच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, बाई स्टुलावर बसली होती!

"उठा. बाबा, तुम्ही तिकडच्या कोपऱ्यात कान लावा."

दालनाच्या त्या टोकाहून कुजबुज थेट काकांच्या कानात आली, "बाबा, मी बोलतेय." मुलीचा आवाज त्यांना ओळखता आला नाही. कुजबुजताना सगळे सारखेच वाटतात.

काका भिंतीला टेकले. बायको दुसऱ्यांदा गेली होती.

"कोप होईल!" महाराज ओरडले. दारातून सगळं पाहिलेल्या रांगेतल्या चौघांनी त्यांना तिथेच धरून ठेवलं.

पाववाल्याची म्हातारी आई मात्र पुढे झाली. तिचा धाकटा नदीत बुडाला होता. "माझ्या लेकाला मी ओळखत नाही होय? सरका!" तिने कोपऱ्यात कान लावला. "बाळा, आहेस ना रे?"

मुलगी बोलणार, तोच काकांनी तिला थांबवलं आणि स्वतः पडद्यामागे गेले. एक 'हो' म्हटलं की म्हातारीला आज झोप लागणार होती. ती झोप कशी असते ते त्यांना माहीत होतं.

"मावशी, मी सुतार. इथे दुसरं कोणी नाही."

म्हातारीने कान काढून तोंड भिंतीला लावलं. मग, "आणि माझा लेक?"

"तो गेला, मावशी. माझीही गेली. वर कमानीचं छत आहे ना, आवाज त्याला धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो. यात एवढंच आहे. माझं ऐकून विश्वास ठेवू नका. इकडे या आणि स्वतः करून बघा."

म्हातारी तरातरा आली, काकांच्या छातीवर दोन बुक्क्या मारून रडली. मग डोळे पुसून तिने भिंतीकडे तोंड केलं.

"जा तिकडे."

काका गेले.

"सुतारा, ऐकू येतंय का रे?"

"येतंय मावशी. स्पष्ट येतंय."

बाहेरची माणसं एकेक करून आत आली. आज प्रत्येकाला दोन्ही कोपऱ्यांत उभं राहून बघायचं होतं.